प्रशस्तिपत्र परत घ्या, माळी परत द्या

शहरातल्या बागा ज्यांच्या सहीवर चालतात, त्या माननीय अधिकारी साहेबांस,

स.न.वि.वि.

पुण्याच्या सहकारनगरात, आंबील ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर आठ गुंठ्यांची एक बाग आहे. तिथे रोज सकाळी खुरपं घेऊन बसणाऱ्या चौदा जणांपैकी मी एक. गेल्या प्रजासत्ताक दिनी आम्हाला ‘निःस्वार्थ सेवेबद्दल’ प्रशस्तिपत्र मिळालं. शाल, नारळ, फोटो, सगळं रीतसर झालं. मार्चमध्ये बागेचा माळी बंद झाला. विचारायला गेलो तर टेबलापलीकडून उत्तर आलं, “तुमची मंडळी आहेतच की, काकू. किती छान ठेवलीय बाग!”

कौतुक असं अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

त्यात मागच्या आठवड्यात दोन तरुण मोजणीची टेप घेऊन आले. बागेचं सुशोभीकरण होणार म्हणाले. आराखड्यात मधोमध कारंजं, चहूकडे पेव्हर ब्लॉक, उरल्या जागेत लॉन आणि दाराशी सेल्फी पॉइंट. “यात आमचं तामणाचं झाड कुठे आहे?” असं विचारलं तेव्हा त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. तामण नव्हताच. पोरं भली होती, चहा पिऊन गेली. त्यांच्यावर राग नाही. पण एकीकडे माळ्याला पैसे नाहीत आणि दुसरीकडे कारंज्याला आहेत, हा हिशोब मला बँकेत एकतीस वर्षं काढूनही जुळवता येईना. म्हणून हे पत्र.

आधी ही जागा काय होती ते सांगते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला, तो आपल्याला आठवत असेलच. आमच्या भागात त्या रात्रीबद्दल अजूनही लोक आवाज खाली करून बोलतात. पुढच्या काही महिन्यांत पडलेल्या सीमाभिंतींचा राडारोडा या जागेत येऊन पडला. विटा, फरशा, एक मोडका कमोडसुद्धा. त्यावर पहिल्याच पावसात गाजर गवत कंबरेएवढं वाढलं. या गवताची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात झाली, आणि तीही आपल्या पुण्यातच. पुणे तिथे काय उणे म्हणतात ते हेही असावं.

२०२० चं टाळेबंदीचं वर्ष. घरात बसून कंटाळलेली आम्ही पाच-सहा माणसं, हातांत जुने मोजे चढवून ते गवत उपटायला लागलो. फुलोरा यायच्या आत उपटलं तरच उपयोग, नाहीतर एकेका झाडाचं हजारो बी पडतं. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिलं वर्ष सगळं वाया गेलं. शिवाय एका आजींच्या हातांवर असं पुरळ उठलं की त्या दोन महिने बागेच्या बाजूला फिरकल्या नाहीत.

खाली माती नव्हतीच. पहारीचा घाव घातला की ठिणगी उडायची. खडकी फॅक्टरीतून निवृत्त झालेले आमचे फिटर काका दोन फुटांचा खड्डा काढायला अख्खी सकाळ घ्यायचे आणि वर विटांचे तुकडे मोजून दाखवायचे. माती विकत आणायला पैसे नव्हते, मग ती करायची ठरवली. उन्हाळ्याच्या तोंडी पिंपळ आणि करंज पानं झाडतात, तेव्हा गल्लोगल्ली पानांचे ढीग पेटायचे. आम्ही झाडलोट करणाऱ्या ताईंना गाठलं आणि म्हटलं, पोती आम्ही देतो, पानं आम्हाला द्या. त्यांचं काम वाचलं, आमचा खड्डा भरला. पाला, भाजीची देठं, थोडं शेण, वरून पाणी. वर्षभराने खालून काळंभोर, भुसभुशीत असं काही निघालं आणि हातात घेऊन आम्ही एकमेकांना हुंगायला दिलं. शेजारून जाणाऱ्यांना आम्ही नक्की वेड्यासारखे दिसलो असणार. २०१६ च्या घनकचरा नियमांतही बागेचा कचरा शक्यतो बागेतच जिरवावा असं म्हटलं होतं. नियम नंतर वाचला, खड्डा आधी खणला.

आता माळीदादांबद्दल. मुळशीकडचे, ठेक्यावर होते, आठवड्यातून तीन दिवस यायचे. आम्ही शिकलेली माणसं. मोबाईलवर बघून बागकाम करायचो. पहिल्या पावसाळ्यात चाळीस रोपं लावली, मे महिन्यात अकरा जिवंत होती. माळीदादा आले, रोपांभोवतीची आळी बघितली आणि म्हणाले, “ताई, तुम्ही याला रोज चूळभर पाणी देता. मुळं वरच घुटमळत राहतात. आठवड्यातून एकदा पोटभर द्या, ती आपसूक खाली जातील.” आळं बुंध्याला चिकटून नको, फांद्यांची सावली जिथे संपते तिथवर हवं, कारण खाणारी मुळं तिथे असतात, हेही त्यांनीच दाखवलं. आम्ही तण म्हणून उपटून फेकलेला आपोआप उगवलेला कडुनिंब त्यांनी उकिरड्यातून उचलून पुन्हा रोवला. आज त्याच्या सावलीत आमची चहाची किटली असते.

एकदा लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या निघाल्या. आमच्यातल्या एकांनी फवारणीचा पंप काढला. माळीदादांनी तो काढून घेतला. “राहू द्या. चार पानं खातील, झाड मरत नाही.” तीनेक आठवड्यांनी तिथे निळ्या झाकेची काळी फुलपाखरं फिरताना दिसली. एका शाळकरी मुलाने सांगितलं की हे ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. आमच्या घरची मंडळी त्या दिवशी पहिल्यांदा बाग बघायला आली. नाहीतर त्यांच्या लेखी हे निवृत्तांचं खूळ होतं.

माळीदादा आता हिंजवडीला एका कंपनीच्या आवारात लॉन कापतात. मध्ये फोनवर म्हणाले, “इथं गवत लई देखणं हाय ताई, पण बसायला कुणी येत नाय.”

साहेब, ‘तुमची मंडळी आहेतच की’ या वाक्यात कुठे चूक आहे ते सांगते. मे महिन्यात आमच्यातले चार जण कोकणात असतात. एक वहिनी सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेल्या, सहा महिने येणार नाहीत. दोघांचे गुडघे बदललेत. गणपतीत तर कुणीच सापडत नाही. स्वयंसेवक सवडीने येतो, तसाच यावा, त्यातच त्याची मजा आहे. पण उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली तर रोप सवड बघत नाही. माळी होता म्हणून आमचं काम दिसलं. आमचं काम दिसलं म्हणून माळी काढला. हे म्हणजे सून चांगला स्वयंपाक करते म्हणून गॅस बंद करण्यासारखं झालं.

कारंज्याबद्दलही बोलते, कारण पैसे तिकडे चाललेत. आठ गुंठे म्हणजे साधारण आठशे चौरस मीटर. एखाद्या जोरदार पावसात पन्नास मिलिमीटर पाणी पडलं तर एवढ्याशा जागेवर चाळीस हजार लिटर पडतं. दहा हजारवाले चार टँकर झाले की! आज त्यातलं बरंचसं आमच्या पाचोळ्याखाली जिरतं. फरसबंदी केलीत तर ते उतारावरून थेट ओढ्याकडे जाईल. ज्या वस्तीने २०१९ पाहिलं आहे, तिच्या डोक्यावर आणखी चार टँकर कशाला? आणि मग फेब्रुवारीपासून त्याच लॉनसाठी टँकर मागवायचे. झाडांच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक भिडवले की काय होतं ते शहरभर दिसतंच. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. इथे घालून मग काढण्यापेक्षा न घातलेलंच बरं.

एक पायवाट मात्र हवी, हे आम्हीही मान्य करतो. व्हीलचेअर जाईल एवढी, गेटपासून कडुनिंबापर्यंत. पुरळ उठलेल्या त्या आजी आता चाकाच्या खुर्चीत असतात आणि चिखलात अडकतात. तेवढी करून द्या. सेल्फी पॉइंटची गरज नाही. यंदा एप्रिलमध्ये तामण पहिल्यांदा फुलला तेव्हा कॉलेजची पोरं आपली आपण येऊन त्याच्याखाली फोटो काढून गेली. राज्याचं फूल आहे, त्याला वेगळी पाटी लागत नाही.

बाकी मागणं एकच. आठवड्यातून तीन दिवस येणारा माळी, आणि ठेका बदलला तरी न बदलणारा. तोच माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. हिंजवडी सोडून यायची त्यांची तयारी आहे, मी विचारलं आहे. पगार वेळेवर होईल का, एवढंच ते विचारतात, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

मृग ७ जूनच्या सुमारास लागेल. त्याआधी आळी उकरून व्हायला हवीत, खड्ड्यातलं खत चाळून व्हायला हवं. रविवारी सात वाजता आम्ही तिथे असतो. आलात तर जुन्या चपला घालून या, चहा आमच्याकडून. किल्ली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे असते.

आपली विश्वासू,
बागेतली एक काकू, सहकारनगर

ता.क. प्रशस्तिपत्राचा कागद सोबत परत पाठवत आहे. चौकट ठेवून घेतली आहे. सागवानी आहे, आणि तिच्या काचेआड आता कोणत्या आळ्याला कोणत्या वारी पाणी द्यायचं त्याचा तक्ता लावला आहे.