राईतला पातेरा राईतच राहू द्या : नवरंगासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, बागायतदार आणि चाकरमानी यांस,

शिमगा जवळ आला की राईच्या कडेला काय होतं, हे आपण सगळेच जाणतो. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना कुणाच्या तरी भाजावळीतली ठिणगी उडते, काजूखालचं गवत पेटतं आणि आग देवाच्या राईत शिरते. मोठी झाडं तगतात. जळतो तो खालचा पातेरा, म्हणजे सुक्या पानांचा थर, आणि पातेरा जळाला म्हणून आजवर कुणी पंचायतीत तक्रार केलेली नाही. यंदा गावची जैवविविधता व्यवस्थापन समितीच ती करत आहे.

मिरगाच्या आगेमागे राईतून पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ येते, ती नवरंगाची. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून हा पक्षी विणीसाठी इकडे येतो. तमिळ लोक त्याला ‘आरुमणी कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात. हिरवी पाठ, खांद्यावर निळा चट्टा, डोळ्यावरून काळी पट्टी, पांढरा गळा, शेपटीखाली लालभडक. एवढे रंग असूनही गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नसेल, कारण तो फांदीवर मिरवत नाही, जमिनीवर सावलीत वावरतो. टुणटुण चार उड्या मारतो, थांबतो, आखूड शेपटी सावकाश वरखाली हलवतो, चोचीने एक पान उलटतो आणि खालची अळी किंवा गांडूळ उचलतो. पान नसेल तर उलटायचं काय? घरटंही त्याच सुक्या पानांचं आणि गवताचं, बाजूला दार असलेलं गोल गाठोडं. ते जमिनीलगत किंवा खालच्या फांदीवर असतं.

म्हणून समितीने राईभोवती जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेला पट्टा, काढायचं ठरवलं आहे. येत्या रविवारपासून सलग तीन रविवार सकाळी सात वाजता श्रमदान आहे. प्रत्येक घरातून एक माणूस यावा. कोयती, दाताळं आपापलं आणावं. ज्यांच्याकडे ग्रास कटर आहे त्यांनी तो आणावा, पेट्रोल समिती देईल. खरं तर निधी लागणार आहे तो त्यासाठीच, शिवाय रेषेवर पहारा देणाऱ्या मुलांच्या पाण्यासाठी आणि बॅटऱ्यांसाठी. चाकरमान्यांना येणं जमत नसेल तर त्यांनी यथाशक्ती देणगी द्यावी. रक्कम पंचायत कार्यालयातच भरावी आणि पावती घेतल्याशिवाय निघू नये.

भाजावळ करूच नका, असं आमचं म्हणणं नाही. भाताचा तरवा कसा रुजतो हे समितीतल्या लोकांनाही ठाऊक आहे. पण वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून, पाण्याची घागर आणि हिरव्या पानांचे टाळे जवळ ठेवून भाजा. राईतला पातेरा मात्र भाजावळीसाठी कुणी गोळा करू नये.

दुसरी विनंती पावसाच्या तोंडाची. नवरंग रात्री प्रवास करतो आणि थकलेला पक्षी उजेडाच्या घरात शिरतो किंवा काचेवर आपटतो. गेल्या जूनमध्ये समितीतल्या एकाच्या पडवीत असाच एक सापडला. घरच्यांनी मायेपोटी त्याच्या चोचीत चमच्याने पाणी घातलं आणि तो गेला. असं करू नका. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, तळाशी कापड घालून त्यात पक्षी ठेवा आणि खोकं काळोख्या, शांत जागी ठेवा. मांजर कोंडून ठेवा. तासाभराने, दिवस असेल तर झाडीजवळ, खोकं उघडा. रात्र असेल तर सकाळपर्यंत थांबा. उडाला नाही तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. त्याला पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. अशा वेळी लागणारी बुटांची रिकामी खोकी आतापासून पंचायतीत आणून दिलीत तर बरं.

आणि मोबाइलवर शीळ वाजवून पक्षी बोलावणारे कॅमेरेवाले विणीच्या दिवसांत राईत दिसले, तर त्यांना चहा पाजा, पण राईच्या बाहेर.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती

ता. क. : श्रमदानाला येताना पायात बूट घालावेत. पातेऱ्यात फुरसंही असतं.