टिंडेलचे श्रेय

संपादक महोदय,

इंग्रजी बायबलविषयीचे बहुतेक लेख १६११च्या राजा जेम्सच्या आवृत्तीभोवतीच फिरतात. वस्तुतः विल्यम टिंडेल या इंग्रज धर्मपंडिताने मूळ ग्रीकवरून इंग्रजीत केलेला नवा करार (बायबलचा येशूच्या जीवनापासूनचा उत्तरभाग) १५२६ मध्येच जर्मनीतील वर्म्स येथे छापून चोरवाटेने इंग्लंडात पोहोचला होता. पुढे १५३६ मध्ये पाखंडाच्या आरोपाखाली त्याला गळा आवळून मारण्यात आले व त्याचा देह जाळण्यात आला, तरी राजा जेम्सच्या आज्ञेने कामाला बसलेल्या ४७ विद्वानांनी नव्या करारात त्याचीच शब्दरचना मोठ्या प्रमाणात कायम ठेवली. (त्याआधीचे, इंग्रज धर्मसुधारक विक्लिफच्या वर्तुळातील चौदाव्या शतकातले इंग्रजी भाषांतर मूळ भाषांवरून नव्हे, तर लॅटिनवरून होते.) आपल्या पुण्याजवळ केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक अभ्यासून संपूर्ण बायबल मराठीत आणले, त्याचीही दखल आपल्या पुरवणीत घेतली जावी.

एक वाचक, पुणे