चिन्मयच्या बोर्डिंगविषयी मित्रास पत्र

सातारा,
१२ मे

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. चिन्मयला आठवीपासून मुलांच्या बोर्डिंगात ठेवावं की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. वहिनींची काळजी मला समजते. एकुलता एक, त्यातून अबोल. तिथं तो कुणाला काय सांगणार? तरीही माझं मत विचारशील तर, पाठव.

पहाटे उठेल, स्वतःचे कपडे धुईल, अभ्यासाला वळण लागेल, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पण एवढं घरीही शिकवता येतं. घरी मिळत नाहीत ती आपल्याहून वेगळ्या घरांतली मुलं, रात्रंदिवस एका खोलीत. मी बोर्डिंगात असताना माझ्या खोलीत माणदेशातल्या मेंढपाळाचा मुलगा होता, एक कोयनेच्या खोऱ्यातला, एक कराडच्या डॉक्टरांचा. माणचा गडी अंघोळीला किती थोडं पाणी घेतो हे बघून आम्ही आपणहून बादली अर्धीच भरू लागलो. कोयनेकडच्याला भाताशिवाय घास उतरत नसे. पावसाळा सरेतो तो आमटीत भाकरी कुस्करून खाऊ लागला. दिवाळीची सुटी संपवून आलो की ट्रंका उघडायच्या आणि सगळ्यांचा फराळ एकत्र करायचा, हा खोलीचा नियम. ज्याच्या घरून काही आलेलं नसे, त्याला ते सांगायची वेळच येत नसे.

ही रीत आपल्याकडे कष्टानं रुजवलेली आहे रे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहतील असं पाहिलं. भाऊराव पाटील तिथल्या जैन बोर्डिंगात शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर 'अंघोळ करून आत ये' असं सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. त्याच मुलानं पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह चालवायला घेतलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. माझ्या मते बोर्डिंगची सगळी थोरवी त्या पंगतीत आहे. चिन्मयला ती मिळावी असं मला मनापासून वाटतं.

आणि अबोलपणाचं म्हणशील, तर डॉक्टरांचा मुलगाही तसाच होता. भूमिती मात्र त्याची पक्की. सहामाहीच्या आधी आम्ही वह्या घेऊन त्याच्याभोवती बसायचो, मग त्याला बोलावंच लागायचं. दहावीला पोचेपर्यंत तो खालच्या वर्गातल्या पोरांना समजावून सांगायला लागला होता.

मात्र जागा नीट बघून घे. रेक्टर रात्री वसतिगृहातच राहतात का, लहान मुलं मोठ्यांपासून वेगळी झोपतात का, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, हे विचार. जेवणाच्या वेळी न कळवता जा आणि मुलांबरोबर बसून जेव. आत जाऊ देत नसतील तर तिथं ठेवू नकोस, नाव कितीही मोठं असो. पहिले काही आठवडे त्याला जड जातीलच. तेव्हा फोनवर 'घरी यायचंय का' असं रोज विचारू नका, दिवसभरात काय केलं ते विचारा.

इथली दोन वसतिगृहं माझ्या चांगल्या माहितीतली आहेत. शनिवारी तिघंही या, मुक्काम आमच्याकडेच. चिन्मयला दोन्ही दाखवू आणि ठरवताना त्यालाही विचारू. कुठल्या एसटीनं निघताय तेवढं कळव, मी स्टँडवर येतो.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
विलास