लाकडाची दिशा वाचायला शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

सागवानी टेबलाचा ९०० मिमी रुंद माथा बसवताना तुम्ही आमच्या कारखान्यातल्या मंडळींना जे समजावलंत, त्याबद्दल मनापासून आभार. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहोत.

लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं हलत नाही. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे साडेपाच टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के, लांबीत जेमतेम ०.२ टक्के. हे मापात कसं उतरवायचं, ते तुमच्याकडून कळलं. लाकडातला ओलावा उन्हाळ्यातल्या १० टक्क्यांवरून पावसाळ्यात १४ वर गेला, की आडव्या वलयांच्या (टोकाकडून पाहता वलयं रुंदीला समांतर असलेल्या) फळ्यांचा हा माथा सुमारे ७ मिमी रुंदावतो. वलयं उभी असतील तर तीन-साडेतीन मिमी. १८०० मिमी लांबीत फरक मात्र अर्ध्या मिमीचा!

म्हणूनच खालच्या आडव्या पट्ट्यांना सरस लावू नका, हा तुमचा आग्रह. पट्टीची लांबी माथ्याच्या रुंदीत येते. ती हलणार नाही, माथा हलणार. दोघांना जखडलं की कोरड्या हवेत फळी चिरते किंवा सांधा सुटतो. मधला स्क्रू गोल भोकात, बाकीच्यांना माथ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोकं, स्क्रूच्या दोन्ही अंगांना ४ मिमी मोकळीक, डोक्याखाली वॉशर, आणि स्क्रू बेताचाच आवळायचा.

दरवाज्याच्या पॅनेलचंही तेच. चौकटीतली खाच १२ मिमी खोल, पॅनेल म्हणजे मधली फळी आत ९ मिमी, सरस नाही. पॉलिश जोडणीआधी, नाहीतर पॅनेल आकसल्यावर कडेला कोरी रेघ उघडी पडते.

फळ्या रचून ठेवण्याआधी टोकांना मेण किंवा रंग लावायला सांगितलंत, तेही फार मोलाचं. तंतूंच्या दिशेने ओलावा आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने निघतो. टोकं आधी सुकून आकसू पाहतात, आतलं ओलं लाकूड त्यांना आकसू देत नाही, आणि चिरा पडतात.

सुकताना फळीची सालीकडची बाजू खोलगट का होते, हे तुम्ही टोकावरची वलयं पेन्सिलने गिरवून दाखवलंत. सालीकडच्या बाजूला वलयं फळीच्या रुंदीला जास्त समांतर असतात, आणि वलयांच्या दिशेने लाकूड जास्त आकसतं, म्हणून ती बाजू जास्त आकसते. आता वखारीतच टोकं बघून फळ्या निवडतो: उभ्या वलयांच्या रुंद माथ्यांना, आडव्या अरुंद पट्ट्यांना.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कारखान्यातली मंडळी