शेवटचे टेबल किती वाजता उचलणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात विजेत्यांचे फोटो येतात आणि खाली किती हजार स्पर्धक धावले तो आकडा येतो. त्या हजारांतली मी एक. राहणार शाहूपुरी, सातारा. एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे, वय 52. अर्धमॅरेथॉनच्या 21 किलोमीटरना मला सव्वातीन तास लागतात. पहिला आलेला मुलगा तोवर बक्षीस घेऊन, आंघोळ उरकून मिसळ खायला बसलेला असतो. त्याचे मला कौतुकच आहे. तक्रार एवढीच, की त्याच्या मागोमाग रस्त्यात धावपटूंसाठी मांडलेली पाण्याची टेबलेही घरी जातात.

मी धावायला लागले 2016 च्या पावसाळ्यानंतर. त्या ऑगस्टमध्ये आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि आमच्या शाळेत मुलींना दुसरा विषयच नव्हता. मलाही सुरसुरी आली. आमचे हे म्हणाले, एवढेच असेल तर यवतेश्वरला चालत जा, पुण्य तरी लागेल. गेले. आधी बोगद्यापर्यंत, मग घाटातल्या पहिल्या वळणापर्यंत, आणि वर्षभराने थेट वरपर्यंत, अधूनमधून पळत.

2012 पासून भरणाऱ्या आपल्या सातारा हिल मॅरेथॉनचा रस्ताही हाच. शहरातून निघायचे, घाट चढायचा आणि आल्या वाटेने उतरायचे. बाहेरगावचे लोक चढाला घाबरतात. मांड्यांचे खरे हाल उताराला होतात आणि बूट जरा तोकडा असला तर अंगठ्याची नखे काळी पडतात, हे त्यांना घरी गेल्यावर कळते. पण जाण्यायेण्याचा रस्ता एकच असल्याचा मोठा फायदा आहे. मी धापा टाकत चढत असते तेव्हा वेगवान मंडळी समोरून उतरत असतात, आणि त्यातला एखादा ओळख ना पाळख ‘चला काकू, आलंच!’ असे ओरडून जातो. आलेले काहीच नसते. तरी पाय उचलतात.

आता मूळ गाऱ्हाणे. गेल्या हिवाळ्यात एका दुसऱ्या शर्यतीला गेले होते. नाव घेत नाही. फॉर्मवर कट-ऑफ, म्हणजे शर्यत पुरी करायची मुदत, साडेतीन तास होता, तो वाचूनच पैसे भरले होते. सतराव्या किलोमीटरला पोहोचले तर दोन मुले टेबलाचे पाय मुडपत होती आणि रिकामे जार टेम्पोत चढत होते. ‘काकू, संपलं सगळं.’ माझ्या घड्याळात तेव्हा दोन तास छत्तीस मिनिटे झाली होती. रस्त्याच्या कडेला दोनशे मिलीच्या बाटल्यांचा खच पडलेला, बहुतेक अर्ध्या भरलेल्या. खोटे कशाला बोलू, त्यातली एक उचलावी असे क्षणभर मनात आले. पुढे एका चहाच्या टपरीवरच्या बाईंनी हाक मारली, ‘आगं, बस की वाईच, घोटभर पानी पी आदी.’ तांब्याभर पाणी प्यायले. पैसे विचारले तर त्यांनी हातच जोडले.

त्यानंतरच्या चौकात पोलीस नव्हते, वाहतूक सुरू झाली होती. एसटी हॉर्न वाजवत अंगावर आली तेव्हा मी छातीवरच्या बिबकडे, म्हणजे स्पर्धक क्रमांकाच्या कागदाकडे, बोट दाखवले. ड्रायव्हरला त्यातून काय कळणार! शेवटच्या रेषेवर पोहोचले ते तीन तास बारा मिनिटांनी. कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरली होती आणि वेळ नोंदवणारी रबरी मॅट एकजण गुंडाळत होता. मेडलच्या खोक्यापाशी बसलेली मुलगी म्हणाली, ‘हाफची संपली, दहा किलोमीटरचं देऊ का?’ घेतले. आता ते नातवाकडे खेळायला आहे.

संध्याकाळी निकाल आला, त्यात माझ्या नावापुढे ‘शर्यत अपूर्ण’. बिबच्या पाठीवरची चिप मॅटवरून गेली तरच वेळ नोंदली जाते, आणि मॅट तर टेम्पोत. मेल केला तेव्हा उत्तर आले, घड्याळाचा फोटो पाठवा. पाठवला. तीन आठवड्यांनी दुरुस्ती झाली. एरवी मी एवढी चिकट नाही, पण 21 किलोमीटर पळून ‘अपूर्ण’ हा शब्द मला झोपू देईना.

पाणी संपते कसे, हे मी नंतर एका शर्यतीत स्वतः स्वयंसेवक म्हणून उभी राहून पाहिले. संयोजक माणशी एक बाटली धरतात. पुढचा घोळका येतो, प्रत्येक जण दोन उचलतो, एक डोक्यावर ओततो, दुसरीचे दोन घोट घेऊन फेकतो. मागच्यांच्या वाट्याचे पाणी डांबरावर सांडते. त्यापेक्षा वीस लिटरचा जार आणि कागदी पेले बरे. दीडशे मिलीच्या हिशेबाने एका जारमध्ये सव्वाशेहून जास्त पेले भरतात आणि अर्धी बाटली फेकण्याचा प्रश्नच राहत नाही. शिवाय प्रत्येक टेबलाखाली दोन जार आणि थोडे ओआरएस शेवटच्या अर्ध्या तासासाठी झाकून ठेवायचे. सगळ्यात मागे असलेल्या धावपटूच्या पाठीशी सायकलवर एक माणूस द्यायचा, आणि तो पुढे गेल्याशिवाय टेबल उचलायचे नाही. याला खर्च किती येतो? मंचावरच्या हारतुऱ्यांपेक्षा कमीच.

मुदत वाढवा असे मी म्हणत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1921 पासून कॉम्रेड्स नावाची शर्यत होते, अंतर सुमारे 90 किलोमीटर. आपल्याकडचेही बरेच जण तिथे जाऊन पळतात. तिथे मुदत 12 तासांची. बारा तास भरले की एक जण येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो, म्हणजे कोणाचा चेहरा पाहून दया यायला नको. त्यानंतर एक सेकंद उशिरा आलेल्यालाही मेडल नाही. इतके कडक असले तरी मला चालेल, कारण तिथे बारा तास म्हणजे बारा तास. आपल्याकडे छापायचे साडेतीन आणि आवरायचे अडीचला. रस्ता तेवढा वेळ बंद ठेवणे जमत नसेल, आणि नागरिकांची अडचण मला कळते, तर सरळ अडीच तास छापा. आम्ही फॉर्म भरणार नाही. फी मात्र आमच्याकडून विजेत्याइतकीच घेता.

एक गोष्ट बायकांच्या वतीने. सुरुवातीच्या मैदानात शेकडो जणींना दोन फिरती स्वच्छतागृहे आणि पुढे 21 किलोमीटर काहीच नाही, असे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिले आहे. पुरुष झाडामागे जाऊन येतात. आमच्यातल्या बऱ्याच जणी पहाटेपासून पाणीच पीत नाहीत आणि तशाच उन्हात तीन तास पळतात. टी-शर्टाचा रंग कोणता असावा यावर संयोजकांच्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा चाललेली मी वाचली आहे, म्हणून हे लिहायचे धाडस केले.

पुढच्या महिन्यातल्या एका शर्यतीला नाव घातले आहे. फॉर्मवर कट-ऑफ साडेतीन तासच आहे. या वेळी आधीच फोन करून विचारले, शेवटचे टेबल किती वाजता उचलणार? ‘बघून सांगतो मॅडम,’ म्हणाले. त्याला आज अकरा दिवस झाले.

आपली,
एक वाचक, शाहूपुरी, सातारा
(कृपया नाव छापू नये. शाळेत मुले चिडवतात.)