थांबलेल्या गाडीतले नऊ तास

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

साहेब, मी हडपसर ते चाकण कंपनीची स्टाफ बस चालवतो. बस ठेकेदाराची, माणसं कंपनीची. सकाळी सहाला चावी घेतो, हवा-पाणी बघतो, स्टॉप घेत घेत सव्वाआठला गेटवर सगळ्यांना उतरवतो. संध्याकाळी सव्वापाचला त्यांनाच घेऊन निघतो. मोशीच्या कोंडीतून सुटून चावी परत टांगेपर्यंत आठ वाजतात. झाले चौदा तास. ठेकेदाराच्या वहीत मात्र पाच. ‘दोन फेऱ्या मारतोस, मधे झोपतोसच की!’

झोपतो, खोटं कशाला बोलू? दारं उघडी टाकून मागच्या सीटवर, कारण पार्किंगला सावली नाही. पण घरी जाता येत नाही, दुसरं काम धरता येत नाही. डिझेल भरायचं, काचा पुसायच्या, मशीनवर कुणाला चक्कर आली तर दवाखान्यात न्यायचं. फोन लगेच उचलला नाही तर सुपरवायझर विचारतो, कुठे मेलास? गाडीला जीपीएस आहे. वेग वाढला की त्यावरून माझा दंड कापतात. गाडी नऊ तास कुठे उभी होती, हेही त्यात दिसतं. ते कुणी बघत नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात आमच्यासाठी बरंच लिहिलं होतं. दिवसाला आठ तास काम, आणि मधली सुट्टी धरून दिवसाचा सगळा पसारा बारा तासांच्या आत. गाडी ताब्यात घेणं, जागेवर लावणं, देखभाल, हेही कामाच्या वेळेत. शेवटच्या थांब्यावर नुसतं हजर राहणंसुद्धा काम, पण पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच! म्हणजे चौदा मिनिटं थांबलो तर मी कामावर, नऊ तास थांबलो तर रिकामटेकडा. ही पंधरा मिनिटांची रेघ त्या कायद्याच्या जागी आलेल्या केंद्राच्या नव्या कामगार संहितेतही तशीच उतरली आहे.

एसटीचा चालक-वाहक निदान आगारात सही करतो. आम्हा ठेक्यावरच्यांची सही पगाराच्या दिवशी, तीही कोऱ्या व्हाउचरवर.

सप्टेंबर २०२५ मध्ये तुमच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यावर बाजूने-विरुद्ध खूप बोललं गेलं. पण बारा तासांच्या पाळीला माणसं आणणाऱ्याचा दिवस किती तासांचा होणार? माझ्या मार्गावर सतरा. त्याच ड्रायव्हरच्या हातात पन्नास जणांचा जीव असतो, एवढं तरी लक्षात घ्या.

म्हणून मागणी एकच. चावी हातात घेतल्यापासून परत टांगेपर्यंतचा वेळ नोंदवला जावा, आणि गाडी सोडून जायची मुभा नसेल तर तो वेळ कामाचा धरावा. खरंच मोकळं सोडत असाल तर चावी काढून घ्या, फोन करू नका. त्या वेळेचे पैसे मी मागणार नाही. पंधरा मिनिटांची रेघ दिल्लीत बदलावी लागेल, तर तसं लिहून पाठवा. नोंदवही तपासायला तर तुमचेच निरीक्षक आहेत. एकदा दुपारी बारा वाजता चाकणच्या कुठल्याही बस पार्किंगला त्यांना पाठवा.

हे पत्र स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. मधे दोनदा उठलो: एकदा कंटेनरला वाट द्यायला गाडी मागे घेतली, एकदा डिझेल भरून आणलं. वहीत आजचे तास पाचच लागतील.

आपला,
एक स्टाफ बसचालक