प्राशन नव्हे, फवारणी

महोदय,

अमली पदार्थ आणि विषबाधेचे मृत्यू आता आरोग्य खात्याच्या नोंदींवरून मोजणार, हे कालच्या अंकातले वृत्त वाचले. आनंद आहे. शिंदे गावातला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना सापडल्यापासून नाशिकला त्याचे 'एमडी' हे नाव तोंडपाठ झाले आहेच. पण आमच्या दिंडोरी-निफाडकडची माणसे कीटकनाशकाच्या ज्या डब्याने मरतात तो कृषी सेवा केंद्रात पक्क्या पावतीवर मिळतो. त्याला आपल्या वार्ताहराने दीड ओळ दिली.

नोंदी म्हणजे काय, ते मी सांगतो. २०२३ च्या नोव्हेंबरात माझा मावसभाऊ द्राक्षबागेत मिलीबगचे (पिठ्या ढेकणाचे) औषध मारत होता. तोंडाला रुमाल, हातमोजे नाहीत, द्रावण हातानेच कालवलेले. दुपारी उलट्या, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. ॲट्रोपिन हा उतारा देत होते, तरी तिसऱ्या दिवशी गेला. रुग्णालयाने नमुना ४ ची, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची, प्रत हातात दिली. मृत्यूचे कारण: 'हृदयक्रिया व श्वसन बंद पडणे'. त्याच नमुन्यावर छापले आहे की हृदय बंद पडणे वगैरे मरणाची तऱ्हा लिहू नका, कारण लिहा. छापील सूचना वाचायला डॉक्टरांना वेळ नसावा. हृदय बंद न पडता मेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

व्हिसेराचा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल आला अकरा महिन्यांनी. त्यात कीटकनाशक स्पष्ट लिहिले होते. तोवर नोंद कधीच झाली होती आणि ती दुरुस्त करायला कोणी फिरकले नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीचे कलम आहे, ते आम्हालाच शोधून दाखवावे लागले. आता मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो एक्स ४८ म्हणजे अपघाती कीटकनाशक विषबाधा की एक्स ६८ म्हणजे हेतुपुरस्सर, हे कोड टाकणाऱ्या बाबूने कशावरून ठरवायचे?

ठरवले आधीच होते. पोलिसांच्या अकस्मात मृत्यूच्या कागदावर 'विषारी औषध प्राशन केल्याने' असा साचा. आणि महोदय, राग येऊ देऊ नका, तो साचा आपल्याच जिल्हा पानावर जशाच्या तसा उतरला, शिवाय 'कर्जाला कंटाळून' ही भर आपली. त्याच्यावर सोसायटीचे एक रुपयाही कर्ज नव्हते. आमच्याकडे 'औषध मारलं' म्हणजे काम आणि 'औषध घेतलं' म्हणजे आत्महत्या, हा फरक शेंबड्या पोरालाही कळतो.

त्या एका शब्दापायी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख अडले. योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. वहिनी अजून तालुक्याला खेटे घालते आहे. दर वेळी तिला 'प्राशन' हा शब्द बोट ठेवून दाखवतात.

यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीने वीसहून अधिक माणसे गेली तेव्हा सगळे जागे झाले होते. एकेकटा मरणारा मोजायचा असेल, तर व्हिसेराचा अहवाल परत मृत्यू नोंदवणाऱ्या निबंधकाकडे नेणारा कोणी तरी नेमा. मग खुशाल आलेख काढा.

ता. क. कालच्या त्या वृत्ताखालीच कीटकनाशकाची अर्धे पान रंगीत जाहिरात होती. डब्यावरचा विषाचा लाल चौकोन तेवढा छपाईत गेलेला दिसतो.

– एक वर्गणीदार, म्हसरूळ, नाशिक